समोर खरे, पाठीमागे गोड

कोकणी माणसाला आपल्या फटकळपणाचा थोडासा अभिमान असतो. ‘आमच्या पोटात एक आणि ओठात एक असे कधी नसते,’ असे तो मोठ्या समाधानाने सांगतो आणि त्याच्या बोलण्याने कोणी दुखावले, तर फणसाची उपमा त्याच्या मदतीला धावून येते. वरून काटे, आत गोड गरे! रत्नागिरीत धर्मगुरू म्हणून वावरताना ही उपमा मी लग्नाच्या पंगतीत ऐकली, भांडण मिटवायला बसलेल्या ओटीवर ऐकली आणि प्रायश्चित्त संस्काराची तयारी करून घेतानाही ऐकली. उपमा सुंदर आहे, यात वाद नाही. पण फणसाला काटे निसर्गाने दिले आहेत. त्यात त्याचा गुणही नाही आणि दोषही नाही. आपल्या जिभेचे तसे नाही. जिभेला हाड नसते, ती हवी तशी वळते; म्हणूनच ती कोठे आणि कशी वळवली, याचा जाब आपल्याला द्यावा लागतो.

शिवाय थोडे बारकाईने पाहिले, तर आपला फटकळपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, असे दिसेल. घरातली सून, हाताखालचा गडी, अभ्यासात मागे पडलेले पोर, दारावर आलेली मासेवाली यांना आपण रोखठोक सुनावतो. ज्याच्याशी आपले काम अडलेले आहे, ज्याचा राग ओढवून घेणे आपल्याला परवडणार नाही, त्याच्यासमोर मात्र हाच रोखठोक माणूस लोण्यासारखा मऊ होतो. तो पाहुणा उठून बेड्याबाहेर पडला, की मग खरे बोलणे सुरू होते. त्याचा स्वभाव, त्याचे कर्ज, त्याच्या मुलाची नोकरी, साऱ्यांचा हिशेब निघतो. आणि गंमत अशी की, त्यातले पुष्कळसे खरेही असते. माझ्या मते आपला दोष येथे आहे. आपण तोंडावर गोड बोलतो आणि पाठीमागे खरे बोलतो. प्रभू येशूने घालून दिलेली रीत याच्या नेमकी उलट आहे. समोर खरे, पाठीमागे गोड. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे.

तोंडावरच्या या गोडव्याला आपण ‘मन राखणे’ असे छान नाव दिले आहे. पण रत्नागिरीच्या माणसाला त्याचा अर्थ आंब्याच्या पेटीवरून चटकन कळावा. वरच्या थरात निवडक, केशरी झाक आलेली फळे आणि खालच्या थरात लहान व डागी, अशी पेटी कोणी विकली, तर आपण त्याला सज्जन म्हणत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या नावाला कायद्याचे संरक्षण आले. पेटीतल्या खालच्या थराची हमी मात्र अजूनही बागायतदाराच्या शब्दावरच असते. मन राखण्यासाठी केलेली स्तुती ही वरच्या थरासारखीच आहे. ऐकणारा ती आनंदाने घरी नेतो आणि खाली काय आहे, ते त्याला फार उशिरा कळते.

आठवी आज्ञा आपण सर्वांनी लहानपणी पाठ केली आहे. पहिल्या कम्युनियनच्या वर्गातील मुलेही ‘मी तीनदा खोटे बोललो’ असा चोख हिशेब देतात. मोठ्यांच्या मनातही त्या आज्ञेचा अर्थ पुष्कळदा तेथेच थांबलेला असतो. खोटे बोलू नये, संपले. म्हणून १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये या आज्ञेखाली काय म्हटले आहे, हे सांगितले की, पुष्कळांना नवल वाटते. परिच्छेद २४७७ मध्ये शेजाऱ्याच्या नावाला धक्का लावणारी तीन पापे सांगितली आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनातसुद्धा एखाद्याला दोषी ठरवणे, हे पहिले. खोटेनाटे रचून त्याची बदनामी करणे, हे आणखी एक. यांविषयी कोणाचे दुमत होत नाही. पण या दोहोंच्या मध्ये एक पाप आहे, ते आपल्याला अडवते. एखाद्याचा खराखुरा दोष, योग्य कारण नसताना, तो ठाऊक नसलेल्या माणसाला सांगणे, हेही पाप आहे. ‘फादर, मी खोटे कोठे बोललो? विचारा हवे तर कोणालाही!’ हा बचाव मी अनेकदा ऐकतो. गोष्ट खरी होती, हे मान्य. प्रश्न असा आहे की, ती तुमच्याकडे कशासाठी होती आणि तुम्ही ती कोणाच्या हाती दिलीत?

या बाबतीत प्रभूचे वागणे पाहायचे असेल, तर संत लूकच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय सावकाश वाचावा. तुरुंगात पडलेल्या योहान बाप्तिस्ताच्या मनात शंका येते. येणारा तो हाच का, असे विचारण्यासाठी तो आपले दोन शिष्य येशूकडे पाठवतो. येशू त्यांना उत्तर देतो, ते योहानाला गोंजारणारे नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, ते जाऊन सांगा, एवढेच. ते निरोपे निघून जातात आणि मग, ते गेल्यावर, येशू लोकसमुदायाकडे वळून योहानाची अशी स्तुती करतो की, तशी त्याने क्वचितच कोणाची केली असेल. ती स्तुती योहानाच्या कानी पडावी, असा बेतच नव्हता. आपण असतो, तर निरोप्यांसमोर योहानाचे गोडवे गायले असते आणि ते वळणावर दिसेनासे झाल्यावर म्हणालो असतो, ‘पाहिलेत? एवढा मोठा संदेष्टा आणि त्याचीही श्रद्धा डळमळली!’

त्याच अध्यायात पुढे परुशी शिमोनाच्या घरचे जेवण आहे. यजमानाचे चुकले, तर भल्या माणसानेही मनात गिळावे आणि घरी परतताना वाटेत बोलावे, अशी जगाची रीत. येशू त्याच पंगतीत त्याला नावाने हाक मारतो आणि मला तुला काही सांगायचे आहे, असे सरळ म्हणतो. आधी दोन कर्जदारांची छोटीशी गोष्ट सांगतो, निवाडा शिमोनाच्याच तोंडून करून घेतो आणि मग पाय धुवायला पाणी दिले नाहीस इथपासून सारे त्याच्यासमोर मांडतो. शब्द कठोर आहेत. पण ते शिमोनाला उद्देशून आहेत, शिमोनाविषयी नाहीत. हा फरक लहान दिसतो, पण सारे त्यातच आहे. ‘उद्देशून’ बोललेले खरे माणसाला उत्तर द्यायला जागा ठेवते. ‘विषयी’ बोललेले खरे त्याचा दरवाजा बाहेरून बंद करते.

प्रेषितांनी हा धडा गिरवलेला दिसतो. अंत्युखियात पेत्र बिगरयहुदी बांधवांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा आपण त्याला तोंडावर विरोध केला, असे संत पौल गलतीकरांना लिहितो. ख्रिस्तसभेच्या पहिल्या पुढाऱ्याला असे समोर सांगणे सोपे नव्हते. त्या खरेपणाने नाते तुटले का? पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा उल्लेख येतो, तो प्रिय बंधू म्हणून. पौल तेथे हजर नाही. समोर खरे, पाठीमागे गोड, असे हे दोन्ही बाजूंनी पूर्ण झालेले आहे.

आता घरचे उदाहरण देतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर तेव्हा आकाशच कोसळले. काही वर्षांची ताटातूट सोसून त्या पतीकडे परतल्या आणि पुढे १९०० साली त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. पंथाने ही मंडळी प्रोटेस्टंट. पण मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती घराला ती आपलीच वाटतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळक १९१९ सालीच निवर्तले होते. म्हणजे हे सारे लेखन एका अर्थाने पाठीमागे बोललेलेच आहे.

त्या बोलण्याची जात मात्र पाहा. टिळकांचा शीघ्रकोप, पैशाच्या बाबतीतली त्यांची बेफिकिरी, न सांगता घर सोडून निघून जाण्याची त्यांची तऱ्हा यांतले लक्ष्मीबाई काहीही झाकत नाहीत. सासऱ्यांच्या संतापाने आणि वडिलांच्या सोवळ्याने घराघरांतल्या बायकांना काय सोसावे लागले, तेही त्या सांगतात. इतके सारे वाचूनही टिळकांविषयीचा वाचकाचा आदर कमी होत नाही. उलट पुस्तक मिटताना ते अधिक जवळचे वाटू लागतात. असे का होते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. एक कारण असे की, लक्ष्मीबाई ज्या डोळ्यांनी पतीकडे पाहून हसतात, त्याच डोळ्यांनी स्वतःकडे पाहूनही हसतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जे त्यांनी पुढे कागदावर उतरवले, ते त्यांनी पतीला आधी तोंडावर ऐकवले होते. भांडून ऐकवले, रडून ऐकवले, विनोद करून ऐकवले, आणि ऐकवल्यावर त्या त्यांच्याच घरात राहिल्या. ज्याने समोर सांगितले आणि सांगून झाल्यावरही साथ सोडली नाही, त्यालाच मागाहून खरे लिहिण्याचा अधिकार पोहोचतो. आपल्यापैकी किती जणांच्या बोलण्यामागे असा अधिकार असतो?

हे सारे पुस्तकातले झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून धर्मगुरूच्या रोजच्या कामातील एक प्रसंग सांगतो. माणसे ओळखू येऊ नयेत, यासाठी तपशील बदलले आहेत. आपली वस्ती मूठभर आणि विखुरलेली. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, तरी सोयरिकी आजही दूरदूरच्या धर्मग्रामांत जुळतात आणि मुलामुलींची चौकशी शेवटी धर्मगुरूपाशी येते. एके दिवशी अशीच एक आई आली. मुलगी परिचारिका, एकुलती एक. मुलगा बोटीवर नोकरीला, पगार उत्तम, घर चांगले.

‘फादर, बाकी सगळं पसंत आहे. मुलगा कसा आहे, तेवढं तुम्ही सांगा.’

तो मुलगा बोटीवरून घरी आला की, पुन्हा बोटीवर चढेपर्यंत शुद्धीत नसे. ही गोष्ट मला प्रायश्चित्त संस्कारातून कळलेली नव्हती. तसे असते, तर माझ्या तोंडाला कायमचे कुलूप होते. ती अख्ख्या वाडीला ठाऊक होती. त्या बाईंना मात्र वाडीतल्या चार घरांनी ‘सोन्यासारखा मुलगा’ असे सांगितले होते. विवाहाच्या घोषणा चर्चमध्ये होतात, त्या कशासाठी? विवाहाला कायदेशीर अडथळा ठाऊक असेल, तर तो लग्नाआधी सांगणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याचे कलम १०६९ सांगते. दारू हा त्या अर्थाने अडथळा नव्हे. पण त्या कलमामागचे तत्त्व येथेही लागू पडते. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याला वेळेवर कळले पाहिजे. आपल्याकडे घोषणा होतात, तेव्हा सारे गप्प असतात आणि पहिले बाळ पदरात आले की, ‘आम्हाला आधीच माहीत होतं’ असे सांगायला सारे पुढे येतात.

मी त्या बाईंना म्हटले, ‘मावशी, मला चार दिवस द्या. जे काही सांगायचं असेल, ते मुलगाच तुम्हाला सांगेल.’

‘म्हणजे काहीतरी आहे,’ त्या म्हणाल्या. मी त्यावर काही बोललो नाही. त्यांनाही ते कळले.

त्याच संध्याकाळी मी मुलाकडे गेलो. सुदैवाने तो शुद्धीत होता. मी त्याला म्हटले, ‘तुझी चौकशी आली आहे. मी खोटं सांगणार नाही आणि तुझ्या पाठीमागे खरंही सांगणार नाही. तूच सांग. हवं तर मी तुझ्या शेजारी बसतो.’

तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘फादर, माझ्या पिण्याबद्दल सगळे बोलतात, हे मला माहीत होतं. माझ्याशी आजपर्यंत कोणीच बोललं नव्हतं.’

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. नऊ-दहा वर्षे एक तरुण आपल्या डोळ्यांसमोर बुडत होता. त्याच्याविषयी वाडीत हजार वेळा खरे बोलले गेले होते आणि त्यातला एकही शब्द त्याच्या हाताला लागेल असा टाकला गेला नव्हता. समोर सारे गोड बोलत होते, त्याने बोटीवरून आणलेल्या बाटल्यांचे कौतुक करत होते.

तो बोलला. मुलीसमोर आणि तिच्या आईसमोर, अडखळत, पण सारे बोलला. ते लग्न मोडले. त्याच्या घरचे माझ्यावर रागावले, आणि त्यांचे दुःख पाहता मला त्यात नवल वाटले नाही. पुढे कित्येक महिने मी त्या घरी जात राहिलो. सुरुवातीला दार उघडे, पण कोणी बस म्हणत नसे. नंतर बस म्हणू लागले. चहा त्याच्याही बऱ्याच नंतर आला. काही काळाने तो मुलगा पुण्याला मुक्तांगणात दाखल झाला. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्राने अनेक घरांना त्यांची माणसे परत दिली आहेत. त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे, माझा नाही.

यावरून दिसेल त्याला तोंडावर दोष सांगत सुटावे, असा अर्थ कोणी काढू नये. प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकाला सांगण्यास आपण बांधील नाही, हेही कॅटेकिझम स्पष्टपणे शिकवतो. ज्याला जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याच्यापाशी मौन राखणे हा खोटेपणा नव्हे. लोयोलाचा संत इग्नाती तर याच्याही पुढे जातो. दुसऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा. तसा लावता आला नाही, तर तुझ्या म्हणण्याचा अर्थ काय, असे त्यालाच विचारावे. आणि तो चुकत असेल, तर प्रेमाने सुधारावे, असा क्रम त्याने आपल्या ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच घालून दिला आहे. आपण मधली पायरी नेहमी गाळतो. त्याला विचारत नाही, इतरांना विचारतो.

आता तर इतरांना विचारायला उठून जावेही लागत नाही. खिशातल्या मोबाईलवर बोट फिरवले की, एखाद्या घरची लाज पन्नास घरांत पोहोचते आणि ती पाठवणारा ‘मी फक्त पुढे पाठवलं’ म्हणून मोकळा होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात अंतःकरणापासून आणि प्रेमाने सत्य बोलण्याचा विषय घेतला, तेव्हा त्यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांची आठवण करून दिली. या संताच्या मृत्यूला त्याआधी काही दिवसांपूर्वीच, २८ डिसेंबर २०२२ रोजी, चारशे वर्षे पूर्ण झाली होती. वैर आणि वाद पेटलेल्या प्रदेशात त्यांनी काम केले. प्रवचनाला कोणी येईना, तेव्हा ते आपले म्हणणे कागदावर लिहून लोकांच्या दारांखालून आत सरकवीत. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. कोणाचा दोष सांगणे कर्तव्यच होऊन बसले, तर शस्त्रवैद्य शिरांमधून सुरी चालवतो, तशी जीभ चालवावी, गरजेपेक्षा केसभरही अधिक कापू नये, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे.

सुरीवरून पुन्हा फणस आठवतो. काप्या असो की बरका, फणस फोडायला बसणारी आपली आजी आधी काय करीत असे? ती खोबरेल तेलाची वाटी जवळ घेई आणि तेल स्वतःच्या हातांना लावी, सुरीला लावी. फणसाला नव्हे. चीक आपल्याला चिकटू नये, याची काळजी फोडणाऱ्याने घ्यायची असते. दुसऱ्याला खरे सांगायला जाण्यापूर्वी आपणही आपले हात असे माखून घ्यावेत. मी हे त्याच्या भल्यासाठी सांगतो आहे की माझा राग मोकळा करण्यासाठी, हे क्रुसाखाली बसून स्वतःला विचारावे. सांगून झाल्यावर उद्या मी त्याच्या दारी जाणार आहे का, हेही विचारावे. जाणार नसू, तर आजही जाऊ नये. एवढे तेल लावूनही चीक थोडा लागतोच. पण गरा अखंड निघतो.

आणि पाठीमागे गोड बोलणे? ते आपल्याला येत नाही, असे मुळीच नाही. कोणाच्याही अंत्यविधीला या. स्मशानभूमीच्या फाटकापासून माघारी येईपर्यंत आपण त्या माणसाचे किती गुण आठवतो! त्याने कोणाला उसने दिले, कोणाच्या दुखण्यात रात्र जागवली, चर्चचे छप्पर उडाले, तेव्हा सर्वांआधी शिडी कोणी लावली. हे सारे आपल्याला ठाऊक होते. तो जिवंत असताना, तो नसलेल्या बैठकीत, त्याच्याविषयी कोणी वावगे बोलू लागले, तेव्हाही ते ठाऊक होते. येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आपण चौघे उभे राहू, तेव्हा पाचव्याचे नाव निघेल. त्याचा एखादा गुण तेव्हाच आठवला, तर त्याला अंत्यविधीपर्यंत थांबावे लागणार नाही.